महापालिकेची वेबसाइट सुधारायचीय आणि मी खिडकीवर बसणारी बाई. सुरुवात कुठून करू?

खिडकी क्रमांक ४

नमस्कार मंडळी. मी एका महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात खिडकीवर बसते. १८ वर्षं झाली. कुठली महापालिका ते विचारू नका, नोकरी अजून शिल्लक आहे.

आमची वेबसाइट नव्याने करायचं ठरलंय. समिती नेमली गेली. आदेशात "नागरिकांशी प्रत्यक्ष संबंध येणारा एक कर्मचारी" अशी ओळ होती, म्हणून त्यात मी. पहिल्या बैठकीत एजन्सीवाल्यांनी सादरीकरण केलं. वर सरकणारे मोठाले फोटो, ड्रोनने काढलेले. कोपऱ्यात हसरा चॅटबॉट. मला विचारलं, बाई, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, फोटो छान आहेत, पण शहर वरून कसं दिसतं हे विचारायला माझ्या खिडकीवर आजवर कुणी आलेलं नाही. सगळे गप्प. मग साहेब म्हणाले, चार आठवड्यांत तुम्हीच टिपण द्या. तोंड उघडल्याची शिक्षा.

आत्ताची वेबसाइट अशी: वर पदाधिकाऱ्यांचे फोटो, खाली डावीकडून उजवीकडे पळणारी एक पट्टी, जी वाचायला गेलं की निसटते. एका निविदेपुढे लाल अक्षरात "नवीन" लुकलुकतं, तिची मुदत संपून तीन वर्षं झाली. डाव्या बाजूला खात्यांची यादी. ती अकारविल्हे नाही, कामाच्या क्रमानेही नाही. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं, बैठकीत खातेप्रमुख ज्या क्रमाने बसतात तोच तो क्रम!

म्हणजे नागरिकाने आधी आपलं काम कुठल्या खात्यात मोडतं ते ओळखायचं आणि मग आत शिरायचं. झाडाची फांदी मोडून तारेवर लोंबतेय. उद्यान, विद्युत की अग्निशमन? मला स्वतःला आधी विचारावं लागतं, तार कसली आहे, घराकडे जाणारी की रस्त्यावरच्या दिव्याची. घाबरून फोन हातात घेतलेल्या माणसाने ते कसं ठरवायचं?

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. वडील गेलेले. आदल्या रात्री तिने आमच्या वेबसाइटवर "मयत दाखला" असं शोधलं होतं. उत्तर आलं: शून्य निकाल. तिला वाटलं, हे काम आमच्याकडे होतच नाही. सकाळी ती तिसऱ्याच कचेरीत रांगेत उभी राहिली, तिथून तिला आमच्याकडे धाडलं. आमच्या वेबसाइटवर त्याचं पान आहे हो. फक्त त्याचं नाव "जन्म-मृत्यू नोंदणी व अभिलेख कक्ष" आहे आणि आत स्कॅन केलेलं एक परिपत्रक आहे, जरा तिरकं आलेलं.

मला संगणकातलं फार कळत नाही. लोक काय विचारतात ते मात्र तोंडपाठ आहे. या माहितीचा वेबसाइटसाठी उपयोग कसा करायचा? वर काय ठेवायचं, काय खाली ढकलायचं, हे कशावरून ठरवतात? हाताशी संगणक विभागातला एक मुलगा आहे, तोही अर्धा वेळ. अनुभवी लोकांनी सांगा. "बजेट वाढवून घ्या" सोडून काहीही चालेल.

---

शोधपेटी

ताई, समितीत तुम्हाला घेतलं ही त्या आदेशातली एकमेव शहाणी ओळ असावी. मी बरीच वर्षं सरकारी वेबसाइटींची कामं केली. आम्ही पैसे मोजून जे गोळा करायचो ते तुमच्या कानात आयतं पडतंय.

उद्यापासून खिडकीवर एक वही ठेवा. आलेला माणूस तोंड उघडून जे पहिलं वाक्य बोलेल ते जसंच्या तसं उतरवा. सुधारू नका. "नळाला करकर आवाज येतो आणि पाणी नाही" असं म्हणाला तर तेच लिहा, "पाणीपुरवठा तक्रार" लिहू नका. तुमचा हात आपोआप कार्यालयीन भाषेकडे वळेल, १८ वर्षांची सवय आहे. त्या सवयीमुळेच ती मुलगी तिसऱ्या कचेरीत गेली.

दुसरं, त्या अर्धवेळ मुलाकडून वेबसाइटच्या शोधखिडकीत लोकांनी काय काय टाइप केलं त्याची यादी मागा. त्यातही ज्या शब्दांना शून्य निकाल आला त्यांची वेगळी काढा. अशी नोंद बऱ्याच ठिकाणी होत असते, कुणी उघडून बघत नाही एवढंच. होत नसेल तर चालू करून घ्या. वही आणि ही यादी शेजारी ठेवलीत की वर काय असावं यावर वाद घालायला फारसं उरत नाही.

खात्यांच्या यादीबद्दल. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये 'गव्ह डॉट यूके' हे सरकारचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा सरकारच्या आधीच्या दोन मोठ्या वेबसाइटी बंद करून त्यांची जागा त्याने घेतली आणि पुढे खात्याखात्यांच्या वेबसाइटीही त्यात आणल्या. त्या चमूचं पहिलं तत्त्व होतं, सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा. गरज कुणाची? सरकारची नव्हे. दिसायला ते पान अगदी रुक्ष आहे, पांढऱ्यावर काळं. तुमच्या ड्रोनवाल्यांना दाखवलंत तर नाक मुरडतील.

फांदी कुणाची या प्रश्नावर मला सगळ्यात आवडलेलं उत्तर म्हणजे तिथलंच 'फिक्स माय स्ट्रीट' हे तक्रारींचं संकेतस्थळ, २००७ चं. तुम्ही नकाशावर खड्डा दाखवायचा आणि काय झालंय ते लिहायचं. ती जागा कुणाच्या हद्दीत येते ते यंत्र बघतं आणि तक्रार त्या कार्यालयाकडे जाते. ही वाटावाटी आज तुम्ही डोक्यात करता. वेबसाइटने ती पाठीमागे करावी, नागरिकाच्या गळ्यात मारू नये.

आणि मुख्य पानावर भांडणात वेळ घालवू नका. बरेच लोक ते बघतच नाहीत, गुगलवरून थेट आतल्या पानावर येऊन पडतात. म्हणून प्रत्येक पान एकटं उभं राहिलं पाहिजे: हे काम कुणाला करता येतं, कागद कुठले लागतात, कुठे जायचं, किती दिवस लागतात, शुल्क किती. कायद्याचं कलम हवंच असेल तर सगळ्यात खाली. 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' असं पान करू नका. एखादी गोष्ट वारंवार विचारली जाते, कारण ती जिथे लिहायला हवी तिथे लिहिलेली नसते.

आराखडा झाला की कागदी चिठ्ठ्यांवर मथळे लिहा, बाकावर बसलेल्या पाच जणांना एकेक काम सांगा आणि विचारा, यातली कुठली चिठ्ठी उचलाल? वेबसाइटी वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. त्या आकड्यावर नंतर बरेच वाद झाले. पण शून्य जणांना विचारण्यापेक्षा पाच बरे, यावर वाद नाही.

---

वाट्टेलते

वेबसाइट कोण बघतं हल्ली? अ‍ॅप काढा.

---

खिडकी क्रमांक ४

@वाट्टेलते, मयत दाखला माणसाला आयुष्यात दोन-चार वेळा लागतो. त्यासाठी अ‍ॅप शोधा, उतरवून घ्या, नोंदणी करा, पासवर्ड विसरा, मग माझ्याकडे या. त्यापेक्षा आधीच या.

---

कानाने वाचणारा

नमस्कार ताई. मला दिसत नाही. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो, त्याच्या आधाराने मी संगणक वापरतो.

तुमचं ते तिरकं आलेलं परिपत्रक माझ्यासाठी कोरा कागद आहे. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नसतातच. माझं यंत्र सांगतं, रिकामा दस्तऐवज. अशी रिकामी दस्तऐवजं मी शेकड्यांनी उघडली आहेत. अर्जाचा नमुना छापून घेण्यासाठी पीडीएफ असू दे, पण त्यातली माहिती पानावर साध्या मजकुरात हवी. तुम्हालाही फायदा आहे, कारण फोटोतली अक्षरं तुमच्या शोधखिडकीलाही सापडत नाहीत.

पळणारी पट्टी काढाच. डोळस माणसालाही ती वाचता येत नाही असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे आपलं एकमत आहे. "इथे क्लिक करा" असे दुवे देऊ नका. मी पानावरचे सगळे दुवे एका यादीत ऐकतो, आणि मला ऐकू येतं: इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा. अर्जातल्या रकान्यांना नावं हवीत, नाहीतर यंत्र नुसतं "लिहा" म्हणतं. काय लिहू? आणि तक्रार नोंदवताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारी ती चौकट. ती आली की मी शेजाऱ्याला हाक मारतो. म्हणजे माझी तक्रार आधी शेजाऱ्याकडे नोंदवली जाते.

कमी दिसणाऱ्यांसाठी एक साधा आकडा लिहून घ्या: अक्षरं आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५:१ असावा. वेबवरच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, हे प्रमाण २००८ पासून आहे. करड्या पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरं डिझाइनरला देखणी वाटतात, माझ्या आईला ती दिसत नाहीत.

एक विनंती. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. तो चालू करा, पडदा बंद करा आणि स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचं एक काम शोधून बघा. दहा मिनिटं पुरतील.

---

ह्रस्वदीर्घ

"मयत"ला शून्य निकाल येतो हे ठीक, निदान तो शब्द पानावर नव्हता. पण "मृत्यु दाखला" असं शोधून बघा. मराठीत सुटा शब्द "मृत्यू", दीर्घ. समासात गेला की "मृत्युपत्र", ह्रस्व. शोधखिडकी अक्षराला अक्षर जुळवत असेल तर शुद्धलेखनात नापास झालेल्या माणसाला दाखला मिळणार नाही. तसंच "पाणीपट्टी" आणि "पाणी पट्टी". शिवाय निम्मे लोक फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात. हे सगळं जुळवायला भारी यंत्रणा लागत नाही, समानार्थी शब्दांची एक तक्ता-फाइल लागते: डावीकडे लोक काय लिहितात, उजवीकडे पान कुठलं. ताईंची वही म्हणजे त्या तक्त्याचा डावा रकाना आहे.

आणखी एक तपासा. जुनी पानं युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात केलेली असतील तर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. ओळखायचं सोपं आहे, मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. कचरा दिसला तर ते पान शोधाला कधीच सापडलेलं नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, त्यामुळे "अजून सोय नाही" हे कारण कुणी सांगितलं तर ऐकू नका.

---

निवृत्त बारनिशी

बाई, मी आवक-जावक सांभाळून निवृत्त झालो. वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे आणि सगळं दोन वर्षांत सडणार आहे, जर एक गोष्ट केली नाहीत तर.

प्रत्येक पानाला धनी हवा. धनी माणूस नको, पद हवं. माणसाची बदली होते. आमच्याकडे एका पानावर संपर्कासाठी ज्यांचं नाव होतं ते निवृत्त होऊन घरी बसले होते आणि लोक त्यांना घरी फोन करत होते. ते बिचारे उत्तरंही देत होते. पानाच्या तळाशी "शेवटची तपासणी" म्हणून तारीख टाका. तारीख जुनी झाली की त्या पदाच्या टपालात आठवण गेली पाहिजे, इतर प्रकरणांना स्मरणपत्र जातं तशी.

कार्यालयाच्या वेळा एकाच जागी लिहा, बाकी पानांनी तिथूनच घ्याव्यात. चार पानांवर चार वेळा असतात आणि चारही चुकीच्या असतात. दूरध्वनी क्रमांक छापण्याआधी स्वतः फिरवून बघा. कुणी उचललाच नाही तर छापू नका, त्यापेक्षा क्रमांक नसलेला बरा.

नवी वेबसाइट झाली की जुने पत्ते मोडतात हे लक्षात ठेवा. पावत्यांवर, भिंतीवरच्या फलकांवर, लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जुनेच दुवे फिरत राहणार. जुना पत्ता दाबला की नव्या पानावर जाईल अशी सोय त्या मुलाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या. "नंतर करू" म्हणाला तर लेखी घ्या.

---

खिडकी क्रमांक ४

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. वही भरली. दुसरीही निम्मी झाली.

मला वाटलं होतं तसं वहीत निघालं नाही. माझा अंदाज होता, दाखले आणि करभरणा सगळ्यात वर येतील. ते आहेतच. पण सगळ्यात जास्त वेळा उतरवलेलं वाक्य आहे: "माझं काम कुठवर आलं?" रांगेतली इतकी माणसं नुसती एवढंच विचारायला येतात, हे मला रोज बसूनही कळलं नव्हतं, कारण उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागतं. वेबसाइटवर त्याची सोयच नाही. त्या खालोखाल "जेवणाची सुट्टी कधी?"

आणखी एक. कामाचं नाव घेऊन फार थोडे येतात. लोक घडलेली गोष्ट घेऊन येतात. "आई गेली." "घर घेतलं." "बाळाचं नाव घालायचंय." (जन्माची नोंद झालेली असते, नाव नंतर ठरतं. या कामाला आमच्याकडे जे शीर्षक आहे ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही हसाल.) म्हणून टिपणात मी खाती खाली नेली आणि वर या गोष्टी ठेवल्या.

भांडण झालंच. विधी खात्याचं म्हणणं, "मयत दाखला" हा शब्द कायद्यात नाही. मी म्हटलं, कायद्यातला शब्द दुसऱ्या ओळीत ठेवू, लहान अक्षरात, पण मथळा लोकांचा. बराच वेळ कुणी हलेना. शेवटी त्या मुलाने वेबसाइटवरची शून्य निकालांची यादी पडद्यावर लावली. "मयत", "मयताचा दाखला", "मृत्यु", "वडील वारले कागद". ते वाचून कुणी काही बोललं नाही. मथळा मान्य झाला.

चिठ्ठ्यांची चाचणीही केली, बाकावरच्याच पाच जणांवर. एका आजोबांना म्हटलं, तुमच्या गल्लीत पाणी येत नाही, कुठली चिठ्ठी उचलाल? त्यांनी "आमच्याविषयी" उचलली. मी म्हटलं, अहो, त्यात महापालिकेची माहिती आहे. ते म्हणाले, "आमच्याविषयी म्हणजे आम्हा लोकांविषयी ना?" आता तिथे "महापालिकेविषयी" आहे. सादरीकरणात, आदेशात, जुन्या वेबसाइटवर, सगळीकडे तो शब्द होता आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

@निवृत्त बारनिशी, मोडलेल्या पत्त्यांचं काम लेखी घेतलं. पानांचे धनी पदाच्या नावाने लावतोय. मयत दाखल्याच्या पानाला कुणी खातं पुढे येईना, तेव्हा मुलाने विचारलं, कुणाचं नाव टाकू? मी सांगितलं, खिडकी क्रमांक ४. इथे मी नसेन तेव्हाही कुणीतरी असेलच.

चॅटबॉट अजून यादीत आहे. साहेबांना आवडलाय. त्यावर मी एवढंच लिहिलं की पानांवर माहिती नसेल तर तो उत्तर कुठून देणार, आधी पानं होऊ देत.

@कानाने वाचणारा, तुमचं काम आज संध्याकाळी केलं. सगळे गेल्यावर एनव्हीडीए लावलं, पडदा बंद केला. ऐकू आलं: ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक. दुवा, इथे क्लिक करा. मग पदाधिकाऱ्यांची नावं, एकेक, सगळी. कळफलकावरचं कुठलं बटण दाबलं की पुढे जाता येतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून पूर्ण ऐकली. माझ्याच पानाशी पोचले नाही. वीस मिनिटांनी दिवे घालवायला शिपाई आला, काळ्या पडद्यासमोर बसलेली बघून म्हणाला, बाई, बरं नाही का?

मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारायची काही युक्ती असेल ना? ती तेवढी सांगा. उद्या त्या मुलाला शेजारी बसवून पुन्हा करणार आहे.

---

कानाने वाचणारा

एच दाबा. एच म्हणजे हेडिंग. पण पानावरचे मथळे खरोखर मथळे म्हणून लिहिलेले असले पाहिजेत, नुसती अक्षरं मोठी आणि ठळक करून चालत नाही. एच दाबून यंत्र "पुढे मथळा नाही" म्हणालं, तर उद्या त्या मुलाला पहिलं काम तेच द्या.